शनिवार पाळलेली कोंबडी

आपण मूर्ख आहोत, हे पद्मजानं कधीच कबूल करून टाकलंय. लोकांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून मोकळं व्हावं, म्हणजे लोकांना बोलायला काही उरत नाही, असा तिचा अंदाज. (उरतं. पण ते शेवटी.) त्यामुळं हवाईयन कोंबडीचा विषय निघाला, की ती आधी स्वतःचाच कान धरते.

"चूक माझीच बाई. एवढी शिकलेली, सरकारी कचेरीत टेबल सांभाळणारी मी, आणि फुलाफुलांचा शर्ट घातलेल्या अनोळखी माणसावर इसवास ठेवला."

हा माणूस तिला मोबाइलमध्ये भेटला. पाथरीच्या त्या कचेरीत दुपारी लाइट गेली होती, डबा खाऊन झाला होता, साहेब दौऱ्यावर होते. अशा वेळी माणसाच्या हातून पाप घडतं. समुद्राच्या काठावर उभा राहून तो गडी कोंबडीचे तुकडे जाळीवर उलटेपालटे करत होता, आणि ते तुकडे हळद लागलेल्या नवरीसारखे चकाकत होते. अननसाचा रस, सोया सॉस, टोमॅटो सॉस, आलं, लसूण आणि लालसर साखर. ह्यात कोंबडी रातभर भिजवायची आणि निखाऱ्यावर भाजायची. झालं! कांदा भाजणं नाही, खोबरं किसणं नाही, वाटण नाही. पद्मजाच्या मनाला हे फारच पटलं. शेवटी त्यानं एक तुकडा उचलला, दोन बोटांत दाबला, तर तो लोण्यासारखा सुटला.

"अगं माय," पद्मजा रिकाम्या कचेरीत मोठ्यानं म्हणाली, "हे तर मामांनापण खाता येईल!"

सगळं रामायण ह्या एका वाक्यातून सुरू झालं.

मामा म्हणजे तिचे सासरे, अप्पाराव गुरुजी. हेडमास्तर होऊन रिटायर झालेले. आयुष्यभर पोरांना मार्क देताना जी काटकसर केली, तीच त्यांनी सुनेच्या स्वयंपाकालाही लावली. भाजी बिघडली तर म्हणणार, "जेवलो." भाजी झकास झाली तरी म्हणणार, "जेवलो." फरक असलाच तर तो आवाजात असावा, पण लग्नाला वीस-बावीस वर्षं होऊनही पद्मजाला तो ऐकू आलेला नाही. 'चांगलं झालंय' हे शब्द त्यांच्या तोंडून निघतात हे तिला माहीत होतं. एकदा लेकीच्या, म्हणजे राजेश्रीताईच्या रश्शाला निघाले होते. आणि येलदरीच्या माशाला तर नेहमीच निघत. ऐन उमेदीत त्यांची नोकरी येलदरीला झालेली, धरणाच्या माशावर त्यांचा जीव. सुनेच्या वाट्याला मात्र 'जेवलो.' तिला सोनंनाणं नको होतं, साडी नको होती. एकदा, फक्त एकदा, त्या माणसानं 'चांगलं झालंय' म्हणावं, एवढंच.

त्यात दिवाळीनंतर परभणीला नेऊन त्यांना कवळी बसवली. कवळी झकास होती, पण तिचं आणि गुरुजींचं जमलं नाही. ती तोंडात असली की टकटक वाजायची आणि खिशात असली की शांत राहायची, म्हणून गुरुजींनी तिला दस्तीत गुंडाळून खिशातच जागा दिली. तेव्हापासून रविवारी बाकीचे कोंबडी खात आणि गुरुजी रश्शात भाकरी कुस्करून खात. कधी कुरकुर केली नाही. फक्त दुसऱ्यांच्या ताटातल्या नळ्यांकडं असं बघायचे, की खाणाऱ्याच्या घशात घास अडकावा.

तर आता ठरलं. येत्या रविवारी राजेश्रीताई देवगाव फाट्यावरून हुरडा खायला येणारच होत्या. त्याच दिवशी हवाईयन कोंबडी. मामांना मऊ घास, ताईंना उत्तर, आणि आपल्याला ते दोन शब्द. एका दगडात तीन पक्षी. (पक्षी एकच होता आणि तोही हाती लागला नाही, हे पुढं कळेल.)

पण घरात कोंबडी करायची म्हणजे आधी सासूबाईंची परवानगी लागते. कस्तुराबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ. माळ घालायच्या आधी त्यांच्या हातच्या कोंबडीसाठी पाहुणे तालुका ओलांडून यायचे. राजेश्रीताईचा रस्सा म्हणजे आईच्या रश्शाची दुसरी आवृत्ती. पण माळ घातली आणि कायदे बदलले. कोंबडीनं स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडायचा नाही. तिची भांडी वेगळी, चूल वेगळी, न्हाणीमागं, अंगणात. फ्रीजमध्ये देवाच्या नैवेद्याचं दही असतं, तेव्हा फ्रीजचं नावच नको. आणि कस्तुराबाई तिकडं पाठ करून बसणार.

"आत्याबाई, रविवारी ताई येणार. मी कोंबडी करायचं म्हणायले. हवाईयन."

"हवाई? म्हंजी इमानात देतेत ती?"

"तसं न्हाई. समुद्रात बेट आहे एक."

"समुद्रातली कोंबडी कशापायी? आपल्या चौकातल्या कोंबड्यांनी काय घोडं मारलं?"

"कोंबडी आपलीच. पद्धत तिकडची. रातभर भिजवायची अन् सकाळी भाजायची."

जपमाळेवरचा कस्तुराबाईंचा अंगठा थांबला.

"रातभर म्हंजी कव्हाच्या राती?"

"आदल्या. शनिवारच्या."

"शनवारी?"

पद्मजानं जीभ चावली. शनिवार मारुतीचा. ह्या घरात शनिवारी अंड्याचं नाव काढलं तरी कस्तुराबाई चूळ भरायला लावतात. अवधूतराव आतून दाढीचा साबण तोंडाला तसाच ठेवून आले. हे पद्मजाचे यजमान, शाळेत मास्तर. वाद निघाला की त्यांना निवाडा करायची खाज सुटते.

"आई, खायची रविवारी. शनिवारी ती नुसती भिजायलीय."

"भिजायलीय म्हंजी हाय न्हवं का? इस्तवावर असू दे का रसात असू दे, कोंबडी ती कोंबडीच. अन् शनवारी सूनबाई तिला मीठ-मसाला चोळणार, त्या हातानं माझ्या मारुतीला तेल घालणार!"

"हात धुऊन घालीन की," पद्मजा पुटपुटली.

"मन कशानं धुशील?"

अवधूतरावांनी गालावरचा साबण बोटानं निपटला आणि विचार केला. (त्यांनी विचार केला, की पद्मजाला धडकी भरते.)

"मग असं करू. शुक्रवारीच भिजवू. शुक्रवार चालतंय. शनिवारी डब्याला कुणी हात लावायचा न्हाई, झाकणबी उघडायचं न्हाई. रविवारी भाजू."

"एवढा येळ?" पद्मजानं विचारलं. "तो तर रातभरच म्हणला होता."

"एका रातीत चांगली होतीय, तर दोन रातीत किती चांगली होईल? लोणचं मुरलं म्हणजे बिघडतंय का? अगं, तेवढीच मुरंल."

लोणच्याचा हा दाखला पद्मजाला एकदम पटला. तिला वाटलं, कायदाही पाळला, चवही वाढली. आपला नवरा इतका हुशार असेल, असं तिला लग्न जमवतानासुद्धा वाटलं नव्हतं.

"अन् ठेवायची कुठं?" कस्तुराबाईंनी विचारलं.

"शेजारी. सविताच्या फ्रीजमध्ये," पद्मजा म्हणाली.

"शेजाऱ्याच्या घरात काय हाय, ते मला कशाला ठावं असतंय," म्हणत कस्तुराबाईंचा अंगठा पुन्हा माळेवरून चालू लागला. मंजुरी मिळाली.

शुक्रवारी कचेरीतून येताना पद्मजानं सामान गोळा केलं. सोया सॉस चायनीजच्या गाडीवाल्याकडून, लालसर साखरेच्या जागी गूळ. अननसाच्या रसाला मात्र त्या फुलाफुलांच्या शर्टानं डबा फोडला होता. तो डबा काही पाथरीत मिळाला नाही. पण एसटी स्टँडसमोरच्या गाड्यावर अननस होते ताजे, पिवळेधमक, चौकापर्यंत घमघमाट. पद्मजाला हवाईच्या लोकांची कीवच आली. बिचाऱ्यांना ताजा अननस मिळत नसणार, म्हणून डब्यातला वापरतात! तिनं चांगले दोन घेतले, न्हाणीमागच्या चुलीपाशी बसून मिक्सरमधून काढून त्यांचा रस केला, आणि एक थेंब वाया जाऊ दिला नाही. रस, सॉस, गूळ, आलं, लसूण. त्यात कोंबडीचे तुकडे बुडाले. मोठा स्टीलचा डबा, घट्ट झाकण. कुंपणाच्या भिंतीवरून तो सविताच्या हातात गेला.

"ताई, बिनघोर ऱ्हावा," सविता म्हणाली. "आमच्या फ्रीजला शनिवार न्हाई. आमचा सोमवार असतोय."

शनिवारी दुपारी भिंतीवरून सविताचं डोकं वर आलं.

"ताई, ओ ताई! दूध काढताना डबा हलला, तर आतून चुळुक चुळुक वाजायलंय."

"रस आहे ना आत."

"कालच्याला असं वाजत नव्हतं. बघू का जरा झाकण उघडून?"

"नको नको! शनिवार आहे."

"माझ्या घरात कुठाय शनिवार?"

"तुझ्या घरात नसू दे. कोंबडी आमची आहे ना."

सवितानं क्षणभर विचार केला. कोंबडीनं कुठल्या घरचे वार पाळायचे, हा प्रश्न तिलाही अवघड गेला असावा. "बरं, ऱ्हाऊ द्या," म्हणत डोकं खाली गेलं. पद्मजानं मारुतीला तेल वाहिलं आणि मनातल्या मनात आपला निर्धार त्याच्या कानावर घातला. आजपर्यंत कुठल्या कोंबडीनं एवढा कडक शनिवार पाळला नसेल.

रविवारी राजेश्रीताई जीपमधून उतरल्या, त्या हातात तीन कप्प्यांचा डबा घेऊनच.

"हे काय ताई?"

"काय न्हाई गं. थोडासा रस्सा. जवळ असू दे आपला."

"पण मी करायले ना कोंबडी!"

"कर की! माणूस छत्री घेऊन निघतंय, म्हंजी पाऊस पडावा असं थोडंच असतंय?"

अंगणाच्या कोपऱ्यात अवधूतरावांनी आगटी पेटवली होती. गोवऱ्यांचा लालभडक खड्डा. त्यात ज्वारीची कणसं भाजून, पोत्यावर चोळून, पाखडून गरम हुरडा काढावा तो अवधूतरावांनीच. ह्या एका कामात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि हुरडा खात सगळे खुशाल बसले होते. गुरुजी मूठभर कोवळा हुरडा हिरड्यांवर घोळवून पारावर मित्रांकडं गेले होते. जेवायला हाक मारा, म्हणाले होते. काय स्वयंपाक आहे, हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि त्यांना कुणी सांगितलंही नव्हतं. पद्मजाला त्यांना चकित करायचं होतं.

हुरडा झाल्यावर अवधूतरावांनी निखाऱ्यावर जाळी ठेवली. ही खास वेल्डिंगवाल्याकडून करून आणलेली. त्या गड्यानं आयुष्यभर खिडक्याच केलेल्या, त्यामुळं जाळी मजबूत, पण तिच्या फटीतून मांजराचं पिल्लू सहज ये-जा करेल.

"आण," अवधूतराव चिमटा वाजवत म्हणाले. "समुद्राला दाखवतो आता, पाथरी काय हाय."

पद्मजानं डबा आणला, देवाचं नाव घेतलं आणि झाकण काढलं. वास झकास होता. अवधूतरावांनी चिमटा बुडवला, तंगडीचा तुकडा नेमका पकडला आणि वर काढला.

वर नुसतं हाड आलं. पांढरं, स्वच्छ, लख्ख.

अवधूतरावांनी ते उन्हात धरून दोन्हीकडून पाहिलं. "ही खाल्लेली हाडं कुणी टाकली ह्यात?"

"कुणीच न्हाई खाल्लं! शपथ, झाकणपण उघडलं न्हाई!"

दुसरा चिमटा. दुसरं हाड. पद्मजानं डाव घेऊन तळातून ढवळलं, तर कोंबडी आली डावात, पण तुकड्यांच्या रूपात नाही, सांजा पातळ व्हावा तशी. त्यातल्या त्यात एक छातीचा तुकडा आकार धरून होता. तो तिनं दोन्ही हातांनी, बाळाला पाळण्यात ठेवावं तसा जाळीवर ठेवला. तो जाळीवर क्षणभर टेकला, विचारात पडल्यासारखा झाला, आणि फटीतून खाली गेला. निखाऱ्यातून 'फस्स' असा आवाज आला. दुसरा ठेवला, त्यानं विचारसुद्धा केला नाही.

राजेश्रीताईनं पदर तोंडाला लावला. "वहिनी, लापशी जाळीवर भाजायची पद्धत आमच्या फाट्यावर न्हाई बाई."

"ताई, तुमी गप बसा जरा."

"मी गपच हाय. डबा गरम करायला ठेवू का?"

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते धुरानं आलं म्हणते, पण धूर दुसरीकडं जात होता. पारावरून मामा आता येतील. पुन्हा ताईचा रस्सा, पुन्हा कुस्करलेली भाकरी, पुन्हा 'जेवलो'. आणि ताई जन्मभर फाट्यावर ही लापशी सांगत बसतील.

"पद्मे," तुळशीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या कस्तुराबाईंचा आवाज आला, "मी काई बघायले न्हाई. पण झालंय तरी काय?"

"कोंबडी विरघळली आत्याबाई."

"घातलं व्हतंस काय?"

"अननस. ताजा. दोन." (डब्यातला रस उकळलेला असतो, त्यात मटण-कोंबडी विरघळवायचा जोर उरत नाही, हे तिला फार उशिरा कळलं.)

"अन् ठिवलंस शुक्रवारपासनं?" कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला तो मागून दिसला. "आगं, जुन्या बोकडाला आमी कच्ची पपई लावायचो, तीबी घडीभर. अननस तिचाच भाऊ. दोन राती ठिवल्यावर दगूडबी मऊ पडंल!"

"शनिवारी हात लावायचा न्हाई, हे तुमीच म्हणलाव!"

"मी शनवारी हात लावू नकू म्हणले. मी तिला अननसात बुडवून मार म्हणले व्हते का?" मग आवाज जरा खाली आला. "ते येतील आता पारावरनं. हाडं येचून काढ. रस गाळून टाक, समदा. हाय तेवढ्यात बेसन घाल, मूठभर जवारीचं पीठ. काळं तिखट घाल हात सैल सोडून, लय ग्वाड झालं असंल ते. अन् तव्यावर तेल सोडून लांबट थाप."

"कुठल्या तव्यावर?"

"न्हाणीमागच्या! घरातल्या तव्याला हात लावशील तर बघ!"

आणि कस्तुराबाई उठून तुळशीला प्रदक्षिणा घालू लागल्या. तुळशीभोवती फिरताना माणसाचं तोंड एकदा का होईना चुलीकडं येतंच, त्याला त्या तरी काय करणार? "जाड थापायलीस," पहिल्या फेरीला. "उलथ आता, करपायलंय," दुसऱ्या फेरीला. त्या दिवशी तुळशीला झाल्या तेवढ्या प्रदक्षिणा तिच्या लग्नातही झाल्या नसतील. अवधूतराव हाडं वेचत होते. राजेश्रीताई आईच्या आवाजानं ओढल्यासारख्या येऊन पीठ कालवू लागल्या, आणि मधूनच फिदीफिदी हसत होत्या. तव्यावरून लांबट, तपकिरी, कडेला कुरकुरीत आणि आत मऊसूत अशा वड्या उतरल्या.

गुरुजी आले. पंगत बसली. राजेश्रीताईचा रस्सा वाटीत, भाकरी, कांदा, आणि पद्मजानं वाढलेल्या दोन वड्या.

गुरुजींनी सवयीनं खिशातली दस्ती काढली, कवळीकडं पाहिलं, पुन्हा गुंडाळून ठेवली. वडीला बोट लावलं. वडी बोट लागायच्या आधीच मोडली. त्यांनी घास तोंडात टाकला. जबडा हलला, थांबला, पुन्हा हलला. दुसरा घास. पहिली वडी संपली. दुसरी संपली. मग त्यांनी ताट दोन बोटांनी पुढं सरकवलं.

पद्मजानं आणखी दोन वाढल्या. रश्शाच्या वाटीला त्यांनी हात लावला नव्हता. अवधूतराव चावायचे थांबले. राजेश्रीताईनं वाटीकडं पाहिलं, मग वडिलांकडं पाहिलं. तुळशीपाशीही पावलं थांबली.

गुरुजींनी शेवटचा घास गिळला, पाणी प्यायले आणि म्हणाले,

"चांगलं झालंय."

पद्मजाच्या हातातला झारा तसाच राहिला. वीस-बावीस वर्षं! तिला वाटलं, आत्ता उठून त्या हवाईच्या माणसाला फोन लावावा. राजेश्रीताईसुद्धा मोठ्या मनानं म्हणाल्या, "वहिनी, जितलीस बाई. आण, मलाबी वाढ एक."

इथं पद्मजानं गप बसायला पाहिजे होतं. हे तिलाही मान्य आहे. दोन शब्द मिळाले होते, पदरात घ्यायचे आणि घरात निघून जायचं. पण हावरं मन. ते शब्द आणखी एकदा ऐकायचे होते, आणि तेही ताईंच्या देखत.

"मामा, खरंच आवडलं? मग दर रविवारी करत जाऊ का?"

गुरुजींनी दस्तीला बोटं पुसली, कवळी पुन्हा खिशात नीट बसवली, आणि सुनेकडं पाहून म्हणाले,

"कर की. पण दर रविवारी येलदरीहून मासा आणायला जाणार कोण?"